ज्येष्ठांसाठी 'मेंदूचे वर्ग' काढायचे की त्यांची कामं त्यांच्याकडंच ठेवायची? मत द्या

विश्रामबागकर:
सांगलीकरांनो, मत पाहिजे. आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज आलाय की मेंदूच्या व्यायामाचा वर्ग काढायचा, टॅबवर खेळ, आकडे लक्षात ठेवा, सारखी चित्रं शोधा, महिनाभर चालणार आणि फी पण आहे. म्हणे त्यामुळं वय झालं तरी रोजची कामं स्वतःची स्वतः करता येतात. माझं मत स्पष्ट आहे, पैसे घालवू नका. चित्रं जुळवायची सवय झाली की माणूस चित्रं जुळवण्यात तरबेज होतो, त्यानं बँकेची स्लिप भरता येत नाही की बीपीची गोळी सकाळची का रात्रीची ते कळत नाही. अमेरिकेत ल्युमॉसिटी नावाच्या अशाच खेळवाल्या कंपनीला २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेशी, तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागलेत, कारण वयाबरोबर येणारा विसराळूपणा लांबवतो असं जाहिरातीत सांगत होते आणि हातात तेवढा पुरावा नव्हता.

आणि आपल्या घरात काय चाललंय बघा. पासबुक मुलाकडं, भाजी ॲपवरनं, लाईट बिल नातू भरतो, औषधं सून काढून देते. ज्यानं जन्मभर मार्केट यार्डात हळदीचे सौदे केले, क्विंटलचे भाव तोंडपाठ होते, त्या माणसाकडं आज घरातला एक हिशेब नाही. कामं परत द्या की त्यांना. वर्ग कशाला पाहिजे?

मिरजेची_थेरपिस्ट:
काका, निम्मं पटलं, निम्मं अजिबात नाही. मी ऑक्युपेशनल थेरपी करते, म्हणजे माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करते, हाच माझा रोजचा विषय आहे. सगळं 'टॅबवरचे खेळ' म्हणून एका टोपलीत टाकू नका. ॲक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास अमेरिकेत १९९८ ला सुरू झाला, ६५ ते ९४ वयाचे २,८३२ जण, सहा ठिकाणी. चार गट केले, एकाला स्मरणशक्तीचं शिक्षण, एकाला तर्काचं, एकाला वेगाचं, म्हणजे नजरेनं पटकन टिपायचं, आणि चौथ्याला काहीच नाही. फक्त दहा बैठका, एकेक तास-सव्वा तासाची, पाच-सहा आठवड्यांत. तर्काच्या गटात अक्षरांच्या मालिकेतला क्रम ओळखायचा आणि तीच रीत औषधांच्या वेळा, गाडीचं वेळापत्रक असल्या रोजच्या गोष्टींना लावायची. स्मरणशक्तीच्या गटाला किराणाची यादी कशी बांधून डोक्यात ठेवायची ते शिकवलं. दहा वर्षांनी बघितलं तर शिकलेल्यांतले साधारण ६० टक्के लोक म्हणाले की रोजची कामं पूर्वीसारखी किंवा जास्त चांगली जमतात, न शिकलेल्यांत तेच ५० टक्के. दहा बैठकांतनं दहा वर्षं टिकणारं एवढं मिळत असेल तर ते थोडं नाही.

विश्रामबागकर:
ताई, 'म्हणाले' हा शब्द तुम्हीच वापरलाय. स्वतःबद्दल सांगितलेलं आहे ते. त्याच अभ्यासात समोर बसवून कामं करून घेतली, औषधाच्या बाटलीवरचं वाचा, फोनच्या पुस्तकातनं नंबर काढा, तेव्हा दहा वर्षांनी गटागटांत काही फरक दिसला नाही. मग आपल्या माणसाला काय सांगायचं, की तुला जमतंय असं वाटेल?

मिरजेची_थेरपिस्ट:
बरोबर आहे, करून घेतलेल्या कामांत दिसला नाही. स्मरणशक्तीच्या गटाचा चाचणीतला फायदाही दहा वर्षांत विरला, तर्काचा आणि वेगाचा टिकला. पण 'वाटतं' याला मी हलकं मानत नाही काका. ज्याला जमेल असं वाटतं तोच एकटा यष्टीत बसून तासगावला जातो. ज्याला वाटत नाही तो घरी बसतो, आणि घरी बसला की पुढचं सगळं सुटत जातं.

सातारा_रोडची_सून:
मी वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. 'कामं परत द्या' हे लिहायला सोपं आहे ओ काका, घरात दिवसभर कोण असतं? माझ्या सासूबाई ७८ च्या, दूध उतू गेलं, एकदा गॅस तसाच चालू आणि त्या देवाला फुलं आणायला खाली. मी ऑफिसातनं येऊन बघतेय तर घरभर वास. त्या दिवसापासून स्वयंपाकाला मीच नको म्हणाले. आता त्या दिवसभर गप्प बसतात हे मला दिसत नाही का? दिसतं. पण काही झालं तर जबाबदार कोण, मीच ना? एक तास वर्गाला गेल्या, चार बायका भेटल्या, तर मी फी आनंदानं भरीन.

मिरजेची_थेरपिस्ट:
वहिनी, तुमची भीती अगदी रास्त आहे. पण पूर्ण काम काढून घ्यायच्या आधी त्यातली धोक्याची पायरी तेवढी काढता येते का बघा. आपोआप बंद होणारी इंडक्शन आणून त्यावर दूध तापवू द्या, भाजी निवडणं, पीठ मळणं, फोडणीला काय काय लागतं ते काढून ठेवणं हे त्यांच्याकडंच राहू द्या. गोळ्यांचंही तसंच, आठवड्याच्या कप्प्यांची डबी त्याच भरतील, तुम्ही भरल्यावर फक्त नजर टाका. आणि खरं सांगते, ॲक्टिव्हमध्ये ज्यांचा विसर आधीच वाढलाय अशांना घेतलंच नव्हतं. त्यामुळं सासूबाईंना मेमरीच्या वर्गानं फरक पडेल असं मी त्या अभ्यासावरनं म्हणणार नाही. आधी डॉक्टर. थायरॉईड, बी-१२, झोपेच्या गोळ्या, उदासपण, यातलं काहीही विसराळूपणा दाखवू शकतं आणि यावर उपाय आहेत.

गावभागातला_आबा:
मी ७४ वर्षांचा आहे, माझ्याबद्दलच चाललंय म्हणून मीच बोलतो. तुम्ही सगळे आमच्याकडं काय द्यायचं आणि काय काढायचं ते ठरवालाय, आम्हाला विचारलं का कुणी? माझा मुलगा चांगला आहे, तक्रार नाही. फोन घेतो आणि दोन मिनिटांत पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याचं काम करून देतो, चेहरा दाखवा आबा म्हणतो, झालं. पण मी बघायच्या आत त्याचं बोट पुढं गेलेलं असतं. दर नोव्हेंबरला मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. मला ते शिकायचंय, हळूहळू, दहादा विचारलं तरी न वैतागता कुणीतरी दाखवणार असेल तर. घरची माणसं वैतागतात, तेवढ्यासाठी मला वर्ग पाहिजे. चित्रं जुळवायला नको.

विश्रामबागकर:
आबा, अगदी हेच म्हणणं आहे माझं! ज्या कामाचा सराव पाहिजे तेच काम शिकवा.

गावभागातला_आबा:
नाही, तुमचं म्हणणं वर्गच नको असं आहे. माझं वर्ग पाहिजे असं आहे. फरक आहे.

कुपवाडचा_केमिस्ट:
मेंदूमेंदू करताना कान-डोळे सगळेच विसरतात. काउंटरवर रोज बघतो, नावं नीट ऐकू येत नाहीत म्हणून चुकीचं सांगतात आणि घरचे म्हणतात विसरायला लागले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशननं डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, १४ कारणं धरलीत ज्यावर काहीतरी करता येतं, ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, बीपी, शुगर, एकटेपण वगैरे, आणि ती सगळी सांभाळली तर जगात ४५ टक्क्यांपर्यंत केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलायचं, कानाचं मशीन पेटीत ठेवायचं आणि टॅब आणायचा, याला अर्थ नाही.

मिरजेची_थेरपिस्ट:
केमिस्टदादांना पूर्ण अनुमोदन. फिनलंडचा फिंगर अभ्यास तोच, २०१५ ला निकाल आला, ६० ते ७७ वयाचे १,२६० जण, दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचं प्रशिक्षण आणि बीपी-शुगरवर लक्ष हे सगळं एकत्र दिलं आणि फायदा दिसला. पण त्यात मेंदूचं प्रशिक्षण होतंच, वगळलं नव्हतं, हे काकांनी लक्षात घ्यावं.

विश्रामबागकर:
होतं, मान्य. पण चार गोष्टी एकत्र दिल्यावर फायदा त्यातल्या कुठल्या एकीचा ते सांगता येत नाही. आमराईत रोज सकाळी चालणारी आणि नंतर तासभर राजकारणावर भांडणारी मंडळी बघा, व्यायाम आला, माणसं आली, डोकंही चाललं, फी शून्य.

सातारा_रोडची_सून:
आमराईत बायका किती बसतात हो भांडायला? पुरुषांना बाहेर जायला जागा आहेत. सासूबाईंना मंदिर सोडलं तर कुठं जायचं? तुमच्या हिशेबात त्या येतच नाहीत.

विश्रामबागकर:
हा मुद्दा खरा आहे वहिनी. याला माझ्याकडं उत्तर नाही.

गावभागातला_आबा:
आणि फसवणुकीचं पण शिकवा वर्गात. आमच्या ओळखीच्या एका रिटायर माणसाला पोलीस बोलतोय म्हणून फोन आला, अटक होणार म्हणाले, घाबरून पैसे पाठवले. घरच्यांनी काय केलं तर मोबाईलच काढून घेतला. आता तो माणूस बहिणीला फोन करायला पण शेजाऱ्याकडं जातो. त्याला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर पाठ करून द्यायचा, ओटीपी सांगायचा नाही हे पाचदा नाटक करून घ्यायचं, की फोनच काढायचा?

मिरजेची_थेरपिस्ट:
आबा, खोटा फोन करून सराव घ्यायची तुमची कल्पना मी उचलतेय. आमच्याकडं एक जुनी पद्धत आहे, लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ ला आठ कामांचा तक्ता केला, फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. प्रत्येकाला वर्गात घेताना हा तक्ता भरून घ्यावा, कुठलं काम कधी सुटलं, जमत नाही म्हणून सुटलं की कुणी करू दिलं नाही म्हणून, आणि त्यातलं कुठलं परत पाहिजे. ते काम धरून शिकवायचं. सोबत तर्काचे दहा तासही घ्यायचे, ते मी सोडणार नाही.

विश्रामबागकर:
असा वर्ग असेल तर माझा विरोध फीपुरता उरतो. पण ग्रुपवरच्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही, नुसते टॅबचे फोटो आहेत.

मिरजेची_थेरपिस्ट:
मग पैसे भरायच्या आधी त्यांना दोन गोष्टी विचारा. शिकवणारा कोण आहे, आणि महिना संपल्यावर परत कधी बोलावणार? ॲक्टिव्हमध्ये काही जणांना ११ महिन्यांनी आणि ३५ महिन्यांनी उजळणी दिली होती. एकदाच घेऊन मोकळे होणार असतील तर मी पण नको म्हणीन.

गावभागातला_आबा:
मी उद्या जाऊन विचारतो. विश्रामबागकर, तुम्ही पण या, आणि वहिनी, सासूबाईंना कुठलं काम परत पाहिजे ते त्यांनाच विचारून इथं लिहा.