तापीच्या डोहांवर रविवारची झुंबड: गळ टाकणाऱ्यांनी काही रीत पाळायची की नाही?

तापीथडी

मुद्दा सरळ मांडतो. हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला तापीवर रविवारी जी झुंबड उडते आहे, ती अशीच चालली तर डोहांत मासा उरणार नाही आणि काठावरच्या गावांत आपल्याला कोणी उभं करणार नाही. मी स्वतः गळ टाकणारा आहे, त्यामुळे हे बाहेरून केलेले उपदेश समजू नका. कोणत्या डोहाबद्दल बोलतोय ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे आणखी गाड्या लागतील.

धरणाचे दरवाजे उतरले, गढूळ पाणी निवळलं, की बातमी भुसावळ, जळगाव, पार बुऱ्हाणपूरपर्यंत जाते. उजाडायच्या आत मोटारसायकली काठाला लागतात. खडकावर दोन काठ्यांत हातभरही अंतर नसतं. एखाद्याने पहाटे येऊन भाजलेली ढेप आणि कोंडा टाकून बैठक धरलेली असते, तासभर शांत बसून रोहू जमवलेला असतो, आणि आठ वाजता आलेला गडी नेमका त्याच्या चाऱ्यावर गळाचं शिसं आदळतो. विचारणं नाही, रामराम नाही. मग तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, एकमेकांत गुंततो. सोडवायचा कंटाळा, म्हणून कापायचा आणि तिथेच टाकायचा. हा तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. पाणकावळ्याच्या पायात, कासवाच्या मानेत, मासेमाराच्या जाळ्यात तो जातो. गळासकट.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते मरळीच्या बाबतीत. मरळीची पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात लालसर गोळा करून फिरतात आणि आईबाप त्यांच्या खालून राखण करतात. हे ठाऊक असूनही काही जण त्या गोळ्यावरच प्लास्टिकचा बेडूक फेकतात. मरळ भुकेने येत नाही, पिल्लांना वाचवायला झडप घालते. ती वर काढली की सगळा गोळा इतर माशांच्या तोंडी जातो. फोटो मात्र एकाच मरळीचा निघतो.

माझं मागणं फार नाही. आधी बसलेल्याला विचारून आणि दोन काठ्यांचं अंतर सोडून बसा. पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकू नका. आणि पावसाळ्यातल्या पहिल्या दोन-तीन पुरांत काठी घरीच ठेवा, कारण रोहू, कटला, मृगळ तेव्हा अंडी टाकायला वर चढत असतात. पोटात किलोमागे लाखावर अंडी असलेली मादी आपण दरवाज्यांच्या खाली उभी धरतो आणि तिला शिकार म्हणतो.

गळकरी भुसावळ

दादा, तुमची कळकळ कळते, पण बोट चुकीच्या माणसाकडे आहे. आम्ही कामावरची माणसं. आठवड्यातून एक सुट्टी मिळते, तीही दरवेळी रविवारची नसते. एका काठीने दिवसभरात किती मासे निघतात? नशीब असेल तर दोन-तीन, नाहीतर चिलापीवर समाधान मानून घरी. त्याच डोहात रात्री मच्छरदाणीसारखं बारीक जाळं ओढलं जातं आणि बोटाएवढी पिल्लं टोपलीने जातात. सुरुंगाची दारू लावून मासे मारणारे आहेत, विष कालवणारे आहेत. हे दोन्ही 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. त्यांना सोडून गळवाल्याला रीत शिकवायची, हे मला पटत नाही. आणि नदी सगळ्यांची आहे. कोणी पहाटे चारला आला म्हणून डोह त्याच्या नावावर होत नाही.

अंतराचा मुद्दा मात्र मान्य. तो मी पाळतो.

भोईवाडा

मी भोई. आजोबा तापीवर, वडील तापीवर, मीही. बारीक जाळ्याबद्दल गळकरी भाऊ बोलले ते खोटं नाही. आमच्यातलेही काही टाकतात, आणि त्यावरून आमच्या बैठकीत भांडणं होतात. पण सगळ्या जाळीवाल्यांना त्यात ओढू नका. धरणाच्या जलाशयात आमची मच्छीमारांची संस्था ठेक्याचे पैसे भरते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, विकत आणून सोडते. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज सोडावंच लागतं. दरवाजे उघडले की त्यातला बराच मासा खाली वाहून येतो. रविवारी तुम्ही जो धरता त्यात आमच्या पैशाचाही मासा असतो, एवढं तरी ध्यानात ठेवा.

आणि जाळ्याचं सांगतो. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे काढायला जावं तर त्यात तुमचे गळ रुतलेले. गळ सोडवताना फास तुटतो, बोट फाटतं. एक जाळं विणायला-दुरुस्त करायला घरातल्या बायांचे किती दिवस जातात, हे काठीवाल्याला कधी दिसत नाही. आमची खूण म्हणून पाण्यावर रिकाम्या बाटल्या तरंगत असतात. त्या बाटल्यांना नेम धरून शिसं मारणारी पोरं मी पाहिली आहेत.

शिंदखेडानी माटी

नदी काय कोना बापनी शे? आमनाकडे सुलवाडे बॅरेजवर बी हाईच गर्दी शे. पन मी म्हनस, पोरे मोबाईलमा डोकं घालीसन बठतस, त्यानापेक्षा नदीवर येतस हाई चांगलं शे. बाटल्या फोडतस तेस्ले मातर माफी नही.

थडीवरची

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर काठावर राहणाऱ्या बाईचंही ऐका. आमचं शेत नदीला लागून आहे, केळी आहे. रविवारी बांधावरून गाड्या जातात, ठिबकच्या नळ्या चाकाखाली येतात. नदीतून पाणी ओढणाऱ्या मोटारीच्या फुटव्हॉल्वमध्ये तंगूस गुंडाळला गेला की पाणी चढत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात एक पाळी चुकली तरी केळी मान टाकते. काचांचं सांगायलाच नको. गडीमाणसं अनवाणी पाण्यात उतरतात.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. सकाळी बाया धुणं धुवायला ज्या उतारावर येतात, तिथेच हे लोक काठ्या लावून बसतात. दहा-पंधरा परके पुरुष, मोठ्याने गाणी, काहींच्या हातात सकाळीच बाटली. आमच्या गल्लीतल्या मुलींनी रविवारी नदीवर जाणं बंद केलं. ज्यांची नदी रोजची, त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरात बसायचं का? नदी सगळ्यांची म्हणणाऱ्यांनी मला याचं उत्तर द्यावं.

गळकरी भुसावळ

ताई, याला उत्तर नाही. धुण्याच्या उतारावर बसणारा माझा भाऊ असला तरी मी त्याला उठवीन. दारू पिऊन येणाऱ्यांना तर गावाने काठावर पायच ठेवू देऊ नये, आम्ही गावाच्या बाजूने उभे राहू. पण मुक्तपणे गळ टाकणं आणि दारू पिऊन धिंगाणा घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी बंद करू नका.

पाणवठा

मला मूळ धाग्याच्या निदानावरच हरकत आहे. मासा कमी झाला तो काठ्यांमुळे नाही. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापी 724 किलोमीटर वाहते, आणि आपल्या खानदेशच्या पट्ट्यातच बघा: हतनूर, शेळगाव, पाडळसरे, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा. त्याखाली गुजरातच्या उकाईचा फुगवटा पार नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला. वाहत्या पुरात अंडी टाकणाऱ्या माशाला वर चढायला सलग नदीच उरलेली नाही. शिंगाडा मासा तळाच्या मातीत खड्डे करून अंडी राखतो. वाळू उपसली की ते खड्डेही गेले. वर शहरांचं सांडपाणी येतं. उन्हाळ्यात डोह आटून पाणी हिरवं पडतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेतात. हे सगळं बाजूला ठेवून रविवारच्या शंभर माणसांवर चर्चा करणं म्हणजे खऱ्या जबाबदारांना मोकळं सोडणं आहे. शिस्तीचा आग्रह धरा, माझी ना नाही. पण मासे वाचवण्याच्या नावाने धरू नका.

तापीथडी

पाणवठा, तुम्ही सांगितलेली कारणं मोठी आहेत, वादच नाही. पण त्याच कारणांमुळे गळवाल्याची जबाबदारी वाढते. नदी मोकळी होती तेव्हा चढणारा मासा मैलोगणती पसरायचा. आता तो दरवाज्यांच्या खाली येऊन थटतो आणि तिथेच घुटमळतो. हतनूरला 41 दरवाजे आहेत. त्यातले थोडे उघडे असले की जिथे धार पडते, त्या तुकड्यात सगळा मासा गोळा होतो. आपली गर्दीही नेमकी तिथेच होते. एरवी काठीने दोन-तीन मासे निघतात हे गळकरी भाऊंचं म्हणणं खरं आहे, पण पहिल्या पुरात त्या धारेखाली गोणी भरतात. त्यात अंड्यांच्या माद्याच जास्त असतात, कारण त्याच चढायला आलेल्या असतात.

वाळूवाल्याशी मला लढता येईल न येईल. स्वतःची काठी दोन आठवडे घरी ठेवणं माझ्या हातात आहे.

फिशिंगवेडा धुळे

मी व्हिडिओ करतो, त्यामुळे गर्दीचा दोष माझ्यासारख्यांवर येणार हे माहीत आहे. माझी बाजू सांगतो. मासा परत सोडायची पद्धत नवीन पोरांना कुठून कळली? व्हिडिओतूनच. हात ओले करून धरा, तापल्या खडकावर टाकू नका, गळ खोल गेला असेल तर ओढण्यापेक्षा तंगूस जवळून कापा. आधी ही पोरं मासा फोटोसाठी उन्हात धरून ठेवायची. जागेचं नाव मी सांगतो, कारण लपवून ठेवलेली जागा मूठभर लोकांची मिरास होते. पांझरा मुडावदला तापीला मिळते तिथे कोणी जाऊ नये, फक्त माहीतगारांनीच जावं, असं ठरवणारे आपण कोण?

थडीवरची

जागा लपवा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही डोह दाखवता तेव्हा त्याच्या शेजारचं आमचं शेत, धुण्याचा उतार, गावाची वाट, हेही दाखवा. गाडी कुठे लावायची ते सांगा. पाहणाऱ्याला वाटतं की ते रान आहे, तिथे कोणी राहत नाही.

फिशिंगवेडा धुळे

हे करता येईल. पुढच्या वेळी काठाच्या गावात कोणाला तरी विचारूनच चित्रण करतो आणि ते बोलणंही व्हिडिओत ठेवतो.

पूर्णाकाठ

चांगदेवच्या बाजूचा आहे मी, पूर्णा-तापी संगमाजवळचा. एक धोका सगळ्यांनी लक्षात घ्या. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं आणि वर विदर्भात पाऊस झालेला असतो. पूर्णेचं पाणी हतनूरमध्ये चढतं, दरवाजे उघडतात, आणि धरणाखाली मधल्या खडकावर बसलेला माणूस दोन्ही बाजूंनी पाण्यात अडकतो. गर्दी असली की मागे सरकायलाही जागा नसते. भोंगा वाजला की काठी, पिशवी सोडून आधी थडी गाठा. लहान मुलांना त्या खडकांवर नेऊच नका.

भोईवाडा

पूर्णाकाठने लिहिलं ते सोळा आणे खरं. अडकलेल्यांना काढायला शेवटी आमच्याच होड्या जातात.

आता मी एक तोड मांडतो. संस्थेने दिवसाची पावती करावी, थोडक्या पैशांची. पावतीवाल्याने कुठे बसायचं ते आम्ही दाखवू: जाळ्यांपासून लांब, धुण्याच्या उतारापासून लांब. पावतीच्या पैशातून बोटुकली येईल, काठ झाडायला गावातला माणूस ठेवता येईल. पहिल्या पुरात पावती बंद, आणि आमची जाळीही बंद. दोघांनी पाळलं तरच मी म्हणतो.

गळकरी भुसावळ

जाळी बंद ठेवणार असाल तर पहिल्या पुरात माझी काठी उचलली जाणार नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांचीही नाही. पावतीला मात्र माझा विरोध राहील. ठेका जलाशयाचा असतो, धरणाखालच्या नदीचा नाही. जिथे तुमचा ठेकाच नाही तिथे तुम्ही पैसे कोणत्या अधिकाराने घेणार? आज तुम्ही प्रामाणिक आहात. उद्या पावतीपुस्तक एखाद्या दांडगटाच्या हातात गेलं, तर नदीवर जायला गरीब माणसाने त्याला हप्ता द्यायचा का? काठ झाडायला आम्ही स्वतः येऊ. पैसे नाही देणार.

थडीवरची

पैसे संस्थेने घेऊ नयेत तर ग्रामपंचायतीने घ्यावेत. काठ झाडायला येऊ म्हणणारे पुष्कळ असतात, सोमवारी सकाळी काचा आम्हीच वेचतो.

भोईवाडा

ग्रामपंचायतीने घेतले तरी मला चालेल, बोटुकलीचा वाटा मिळाला पाहिजे. धरणाखाली ठेका नाही, हे गळकरी भाऊंचं बरोबर आहे. म्हणून तर तिथे कोणीच राखणदार नाही आणि सुरुंगवाले तिथेच येतात.

तापीथडी

पावतीवर आपलं एकमत होत नाहीये, ते इथे होईल असंही दिसत नाही. पहिल्या पुराचं मात्र जाळीवाले आणि काठीवाले दोघांनी मान्य केलं आहे. मृगाच्या आधी एका रविवारी हतनूरच्या थडीवर समोरासमोर बसू. भोईवाडा, तुमच्या संस्थेचे लोक आणा. ताई, गावातल्या चार बायांनीही यावं, धुण्याच्या उताराची हद्द त्यांनीच दाखवावी. फिशिंगवेडा, कॅमेरा आणा.

गळकरी भुसावळ

येतो. पावतीला विरोध करायलाही तिथेच येतो.