स्पेसशिपवन या खासगी रॉकेट-विमानाच्या चाचण्यांत सगळा भार पायलटवर टाकणं बरोबर होतं का?

वातबल:
2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीहून स्पेसशिपवन तीनदा 100 किलोमीटरच्या वर गेलं, तेही पायलटनं स्वतः स्टिक धरून. मला हा फाजील आत्मविश्वास वाटतो. 21 जूनला चढतानाच ट्रिमनं (यानाचा तोल राखणाऱ्या यंत्रणेनं) दगा दिला, यान मार्ग सोडून भरकटलं आणि पायलट मेल्विल 100 किलोमीटरच्या रेषेच्या जेमतेम शंभरेक मीटर वर पोचला. 29 सप्टेंबरला तर 2.7 मॅकच्या (ध्वनिवेगाच्या 2.7 पट) आसपास गिरक्या सुरू झाल्या, एकूण 29!

स्टिकरडर:
ऑटोपायलटनं तिथे काय दिवे लावले असते? त्या वेगाला पंखांची उचल शून्याजवळ आली की दिशा-स्थिरता जवळपास संपते. नाक जरा तिरकं झालं की यान लोळतं. वर हवाच नसल्यामुळे गिरकी आपोआप मंदावत नाही आणि रडर (शेपटीचं सुकाणू) नुसताच हलत राहतो. मेल्विलनं मोटर ठरल्यापेक्षा आधी बंद केली आणि गिरक्या वायूच्या थ्रस्टरनी थांबवल्या. पाचच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, त्याच यानातून दुसरा पायलट बिनी 112 किलोमीटरवर गेला, एकही गिरकी न घेता.

वातबल:
आणि 31 ऑक्टोबर 2014? स्पेसशिपटू या नंतरच्या यानाच्या फेदरचं, म्हणजे परतताना वेग कमी करायला वर वळणाऱ्या शेपटीचं, कुलूप 1.4 मॅकनंतर काढायचं होतं. सहवैमानिकानं ते 0.8 ओलांडताच काढलं. ध्वनिवेगाजवळ शेपटीवर वरच्या दिशेनं इतका जोर येतो की कुलूप नसेल तर ती हलवणारे नुसते अ‍ॅक्चुएटर तिला धरू शकत नाहीत. शेपटी उचलली गेली, यानाचे तुकडे झाले, तो सहवैमानिक, अल्सबरी, गेला. एक खिट्टी आधीच बसवली असती तर?

कंट्रोललूप:
कुलूप चढतानाच काढण्यामागे कारण होतं, हे विसरू नका. ते अडकलंय हे वर गेल्यावर कळलं, तर फेदरविना परतावं लागतं. वेळेत कळलं तर मोटर बंद करून मागे फिरता येतं. पण लवकर काढलं तर काय होईल, याचा विचार कमी पडला. एनटीएसबीनं, म्हणजे अमेरिकी अपघात-तपास मंडळानं, बोट ठेवलं ते यावरच: माणसाच्या एका चुकीनं यान जाईल, हे धोक्यांच्या विश्लेषणात धरलंच नव्हतं. पुढच्या यानात, युनिटीत, कुलूप वेळेआधी निघू नये म्हणून अडसर आला.

स्टिकरडर:
अडसर हवाच, मान्य. पण अडसर म्हणजे ऑटोपायलट नव्हे. 1967 मध्ये एक्स-15 या अमेरिकी रॉकेट-विमानाचा पायलट अ‍ॅडम्स गेला, त्या यानात स्वतःच प्रतिसाद जुळवून घेणारी एमएच-96 प्रणाली होती. विजेच्या बिघाडानंतर यान 5 मॅकला फिरकीत गेलं. फिरकीतून ते सुटलं, पण प्रणालीचा गेन (प्रतिसादाचा जोर) उतरेना, दोलनं थांबेनात आणि त्या ताणानं यान फुटलं.

वातबल:
अ‍ॅडम्सची दिशा मुळात चुकली होती, पडद्यावर रोल (एका अंगावर कलणं) दिसत होता आणि त्यानं तो नाकाचा बाजूचा कोन समजला. हे तुम्ही सोयीनं गाळलंत.