जपानची बातमी लागली की आमच्या घरात धावपळ, तिकडे राहणाऱ्यांनी जरा सांगा

अदिती_नौपाडा
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि चार वर्षांचा भाचा तीन वर्षं झाली टोकियोत आहेत, निशिकासाईला. आई ठाण्यात माझ्याकडे असते आणि आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी टीव्ही लागतो.

३० जुलै २०२५ ला सकाळी सव्वासहाला आईने मला हलवून उठवलं. रशियात ८.८ चा भूकंप, जपानला त्सुनामीचा इशारा, लाल पट्टी, आणि वर दाखवतायत काय तर २०११ च्या त्सुनामीचं फुटेज, घरं वाहतायत गाड्या वाहतायत, कोपऱ्यात बारीक 'संग्रहित' लिहिलेलं पण ते आईला चष्म्याशिवाय कुठून दिसणार. त्यात जूनपासून तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ते जपानी कॉमिकमधलं भविष्य फिरतंय की ५ जुलैला जपान बुडणार, ५ तारीख गेली तेव्हा जरा शांत झाली होती, आता म्हणते बघ महिना तोच निघाला ना. वर किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांचा व्हिडिओ आला, की त्यांना आधीच कळलं होतं म्हणून.

भावाला मी अकरा मिसकॉल दिले. पावणेआठला त्याचा मेसेज, 'अगं इथे कप पण हलला नाही, मीटिंगमध्ये होतो'. आई रडली, मग मी पण रडले, मग मला त्याचा रागच आला.

आता खरं विचारायचंय ते असं की तिथे राहणारा माणूस ही बातमी ऐकतो तेव्हा त्याच्या मनात नक्की काय होतं? खरंच काही वाटत नाही की आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतात? कारण दुसरीकडे असं झालंय की भूकंपाचं विचारलं की हा हसतो, पण जुलैमधल्या निवडणुकीचं, ते परदेशी लोकांविरुद्ध चाललंय त्याचं विचारलं की विषय बदलतो, लगेच भाच्याला फोन देतो. मला हे दुसरं जास्त टोचतंय. आणि आईला समजावू कसं तेही सांगा.

ऐरोलीकर
अदिती, मी २०१२ ते २०२१ तिकडेच होतो, कासाईत, म्हणजे तुझ्या भावाच्या शेजारच्याच स्टेशनला. तो खोटं बोलत नाहीये. त्या दिवशी टोकियोत खरंच काही हललं नाही, भूकंपाचं ठिकाण दोन हजार किलोमीटरपेक्षा लांब होतं, होक्काइदोला सुद्धा जेमतेम शिंदो २ जाणवला.

हा शिंदो शब्द आईला शिकवा, निम्मी भीती तिथेच जाईल. आपल्या टीव्हीवर जो आकडा येतो, ८.८ वगैरे, तो भूकंपाचा स्वतःचा जोर. जपानमध्ये लोक आधी तो बघतच नाहीत, ते बघतात आपल्या पायाखाली किती हललं, तो शिंदो, ० पासून ७ पर्यंत, त्यात ५ आणि ६ चे कमी-जास्त असे दोन दोन भाग. आईला असं सांग की तलावपाळीला पथकाचा ढोल वाजतोय, ढोल तोच, पण राम मारुती रोडला खिडकीची काच थरथरते आणि घोडबंदरला कळतही नाही. ढोल किती जोरात वाजला ते एक आणि माझ्या घरात किती ऐकू आला ते वेगळं.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या महिन्यात रात्री हादरा बसला, मी अनवाणी जिना उतरून रस्त्यावर, आणि खाली मी एकटाच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी मला नीट बसवून सांगितलं की बाहेर पळायचं नाही, वरून काचा पडतात, दार उघडं करून ठेवायचं कारण चौकट वाकली की दार अडकतं, मग टेबलाखाली. गॅसच्या मीटरचं पण त्यांनीच दाखवलं, शिंदो ५ च्या आसपास हललं की तो आपोआप बंद होतो आणि मग बटण दाबून परत चालू करायचा, मला वाटायचं मीटर बिघडला. पुढे पुढे काय होतं, हललं की हात आपोआप मॉनिटर धरतो आणि डोळे टीव्हीच्या पट्टीकडे जातात. दोन गोष्टी बघायच्या, आपल्या वॉर्डात शिंदो किती आणि खाली 'या भूकंपामुळे त्सुनामीची काळजी नाही' हे वाक्य आलं का. आलं की माणूस परत कामाला लागतो. ही बेफिकिरी नाही, त्याला जे बघायचं होतं ते बघून झालेलं असतं.

भविष्याचं म्हणशील तर तिथल्या हवामान खात्याने आधीच स्पष्ट सांगितलं होतं की तारीख, जागा आणि जोर सांगून भूकंप वर्तवता येत नाही, असल्या गोष्टी अफवा आहेत. आणि ते देवमासे चिबाच्या तातेयामाला आदल्या दिवशी, म्हणजे २९ लाच किनाऱ्यावर आले होते, रशियातला भूकंप व्हायच्या आधी, त्याचा याच्याशी संबंध कुणी दाखवलेला नाही.

मला विचारशील तर निशिकासाईत भूकंपापेक्षा पाण्याची भीती जास्त खरी. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा काढला त्याच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच वॉर्डावर लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा मला २६ जुलै २००५ आठवली, तेव्हा मी ठाण्यात कॉलेजला होतो आणि कंबरभर पाण्यातून घरी आलो होतो, कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. तिकडे मात्र दोन दिवस आधीपासून फोनवर सूचना. मी बायको-मुलीला घेऊन मित्राकडे उंचावर गेलो. त्या रात्री मी घाबरलो होतो, आणि आईला फोनवर सांगितलं की पाऊस आहे थोडा. म्हणून म्हणतो भूकंपाला तो हसत असेल तर हसू दे, वादळाच्या वेळी मात्र जरा खोदून विचार.

मूळची_नेरूळची
मी सध्या योकोहामात, सातवं वर्ष. ऐरोलीकरांनी टोकियोचं सांगितलं ते बरोबर पण त्या दिवशी आमच्याकडे वेगळं होतं हं. पॅसिफिकच्या बाजूला होक्काइदोपासून वाकायामापर्यंत इशारा होता, आमच्या जवळच्या सागामी किनाऱ्याला पण, फोन सारखा वाजत होता, किनाऱ्यालगतच्या काही रेल्वेलाईन बंद. शेवटी सगळ्यात मोठी लाट १.३ मीटर लागली, ती पण वर इवातेच्या कुजी बंदरात. पण मला त्या दिवशी भीती लाटेपेक्षा उन्हाची वाटली, लोक तासनतास गच्चीवर आणि टेकडीवर उभे, आणि त्याच दिवशी ह्योगोमध्ये ४१.२ तापमान गेलं, परवा ५ तारखेला गुन्मात तो पण विक्रम मोडला, ४१.८. ही बातमी ठाण्यात कुणी लावली का? आमच्याकडे गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालंय.

आता अदिती तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर येते कारण तो कुणीच घेतला नाही आणि तोच खरा आहे.

इथे राहताना बातम्यांचे दोन प्रकार होतात, एक ज्यात आपण यांच्यातलेच असतो आणि एक ज्यात अचानक आपण बाहेरचे होतो. तांदळाचं उदाहरण घे. गेल्या उन्हाळ्यापासून दुकानात तांदूळ मिळेना, मिळाला तर ५ किलोला ४ हजार येनच्या वर, आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. आमच्या घरी रोज वरणभात, मुलीला डब्यात भात, मी चक्क मोजून कुकर लावत होते. त्यात मे महिन्यात शेतीमंत्री एतो बोलले की मी कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही, पाठीराखे आणून देतात, आणि दोनतीन दिवसांत त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्या सहा वर्षं मला फक्त गुडमॉर्निंग म्हणायच्या, त्या लिफ्टपाशी थांबून माझ्याशी वीस मिनिटं मंत्र्यावर चिडून बोलल्या. नंतर सरकारी साठ्यातला तांदूळ २ हजारांच्या आसपास आला तेव्हा कुठल्या दुकानात रांग लागलीय हे त्यांनीच बेल वाजवून सांगितलं. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी, मी नेरूळला आईला फोन करून सांगितलं.

आणि मग जुलै. स्टेशनबाहेर भाषणं, 'जपानी फर्स्ट' लिहिलेले फलक, आणि २० तारखेला ती घोषणा देणाऱ्या सानसेइतो पक्षाच्या संसदेच्या वरच्या सभागृहात १४ जागा निवडून आल्या. माझ्याशी कुणी वाईट वागलं का तर नाही, एकदाही नाही, उलट ऑफिसातल्या दोघी मुद्दाम येऊन म्हणाल्या की मनावर घेऊ नकोस. पण त्या म्हणाल्या म्हणूनच मनाला लागलं, कारण म्हणजे त्यांच्याही डोक्यात आलं होतं ना की ही त्यातली. २०२४ च्या अखेरीला देशात आम्ही परदेशी ३७ लाखांच्या वर होतो, लोकसंख्येच्या तीन टक्के, त्यात भारतीय पन्नास हजारांच्या थोडे वर, आणि मतदान आम्हाला कुठलंच नाही, कर मात्र सगळे. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावात नगरसेवक झाले ते सुद्धा आधी जपानी नागरिकत्व घेऊन.

एक गोष्ट सांगते जी मी घरी कधी बोलले नाही. गुन्ह्याची बातमी लागली की माझे डोळे आधी संशयिताचं नाव शोधतात. नाव कांजीत, म्हणजे जपानी नावं लिहितात त्या चिनी अक्षरांत असलं तर मी पुढे स्क्रोल करते. काताकाना लिपीत असलं, म्हणजे बहुतेक परदेशी, की पोटात गोळा येतो आणि मनात म्हणते देवा भारतीय नसू दे. ज्याचं नुकसान झालं त्याचा विचार नंतर येतो आणि त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये मी मुलीशी मराठीत जरा हळू बोलते. तुझा भाऊ विषय बदलतो तो यामुळे असेल. त्याला विचार पण आईसमोर नको, आणि 'परत ये' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत नको.

अदिती_नौपाडा
ताई तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. 'परत ये' मी खरंच प्रत्येक फोनला म्हणते. ऐरोलीकर दादा, ढोलाचं आईला लगेच पटलं, आता विचारते की मग आपल्या बाळाकडे किती ऐकू आला ते कुठे कळेल.

कोपरखैरणे_काका
आमचा मुलगा ११ मार्च २०११ ला, त्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी टोकियोत होता म्हणून लिहितो. शुक्रवार होता, आपल्याकडचे सव्वाअकरा. टोकियोत शिंदो ५ जास्त. फोन लागत नव्हते, रेल्वे बंद, तो शिंजुकूहून एदोगावापर्यंत चालत घरी गेला, चारएक तास लागले, रस्त्याने हजारो लोक गुपचूप चालत होते असं तो सांगतो. आम्हाला त्याची ईमेल आली संध्याकाळी सातला. ते आठ तास मी आणि सौ. कसे काढले ते आम्हालाच ठाऊक, आणि चॅनल एकच लाट पन्नास वेळा दाखवत होतं.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या पुढच्या आठवड्याचं. फुकुशिमाच्या अणुभट्टीची बातमी सुरू झाली आणि आम्ही दोघांनी फोनवर त्याला अक्षरशः रडून भंडावलं की निघ. तो नको म्हणत होता, टोकियोत तसा धोका नाही, ऑफिस चालू आहे. शेवटी सौ.ने अन्न सोडलं तेव्हा तो मिळेल त्या तिकिटाने आला. इथे सोळा दिवस राहिला, पण मन तिकडेच, रात्री उठून जपानी बातम्या बघायचा. परत गेला तेव्हा मिठाईचे बॉक्स नेले सगळ्यांना. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही, पण त्या काळात पळून गेलेल्या परदेशी लोकांना तिथे 'फ्लायजिन' असं नाव पडलं होतं, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं गाव तिकडे सेंदाईच्या बाजूला, त्याची आई सापडायची होती आणि तो रोज ऑफिसात येत होता. मुलगा मला चार वर्षांनी म्हणाला, बाबा तुम्ही मला त्या वेळी तिथून काढायला नको होतं. मी काय बोलणार, मी बाप म्हणून केलं. आजही वाटतं त्या वेळी आम्ही त्याच्या डोळ्यांनी बातमी बघितली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमचं ठरलंय. काहीही हललं की तो ग्रुपवर 'ठीक' एवढा एकच शब्द टाकतो, मग दोन मिनिटांचं काम असो वा मीटिंग. आणि आम्ही फोन करायचा नाही, कारण तेव्हा फोन सगळ्यांनीच केले की लाईन बंद पडते, मेसेज मात्र जातो. नाहीच काही आलं तर तिथे १७१ नंबर आहे, आपत्तीत त्यावर निरोप ठेवता येतो, नेटवरूनही बघता येतो, घरचा कुठला फोन नंबर त्यासाठी वापरायचा ते आधी ठरवून ठेवा.

अदिती_नौपाडा
काका, हे भावाला जसंच्या तसं वाचून दाखवलं काल. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला 'ठीक' टाकेन, माझी चूक झाली त्या दिवशी, मीटिंगमधून एक मेसेज करता आला असता. मग मी आत जाऊन दार लावलं आणि निवडणुकीचं विचारलं, परत ये म्हटलं नाही. चाळीस मिनिटं बोलला. भाच्याला बालवाडीत काही नाही, सगळं छान आहे, पण वहिनी बागेत बाकीच्या मराठी आयांबरोबर बसायची ती हल्ली घरीच थांबते, कुणी काही बोललं नाही तरी. एवढं तीन महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं त्याने.

मूळची_नेरूळची
वहिनीला माझा निरोप दे की बागेत जा म्हणावं. हवं तर मला मेसेज कर, मी एका शनिवारी मुलीला घेऊन निशिकासाईला येते, तसंही तिकडे किराणा घ्यायला यायचंच असतं मला.

ऐरोलीकर
आईसाठी फोनमध्ये एनएचके वर्ल्डचं इंग्रजी अॅप टाकून दे, मोठ्या भूकंपाचं आणि त्सुनामीचं नोटिफिकेशन लगेच येतं. पण ते आल्यावर आईला फक्त एकच शोधायला शिकव, नकाशात टोकियोवर कुठला आकडा आहे. ३ पर्यंत असेल तर चहा ठेवायचा. ५ दिसला तर 'ठीक' ची वाट बघायची. मी माझ्या आईला हे २०१३ मध्ये कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून दिलं होतं, आकडे जपानीत कसे दिसतात ते सुद्धा काढून, पण ते आपल्या इंग्रजी आकड्यांसारखेच असतात त्यामुळे तिला अडचण आली नाही.

अदिती_नौपाडा
आजच लिहून लावते फ्रिजवर. राखी पोचली म्हणे काल, तीन आठवडे लागले. उद्या व्हिडिओवर वहिनी बांधून घेईल भाच्याकडून त्याला.