वॉटर बॉडी (म्हणजे इंजिनाचा वॉटर पंप) गळतेय, आणि थर्मोस्टॅट (पाण्याच्या तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाकायचा सल्ला मिळालाय. काय करू?

नमस्कार मंडळी. अमळनेरहून लिहितोय. गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. इंजिन टायमिंग चेनचं आहे, वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो.

सोमवारी वडिलांना तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत होतो. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला. दुपारचे बारा, एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. अर्ध्या घाटात काटा वर सरकायला लागला. एसी बंद करून हीटर फुल केला, तरी थांबेना. लाल रेघेच्या आत गाडी बाजूला घेऊन बंद केली. वडिलांची बायपास झालेली आहे, त्यांना त्या उन्हात दगडावर बसवताना पोटात गोळा आला. पाऊण तासानं, इंजिन गार झाल्यावरच टोपी उघडली, प्यायच्या बाटल्यांमधलं तीन लिटर पाणी ओतलं आणि उतारानं चाळीसगावला परत आलो.

तिथल्या मिस्त्रींनी वाकून टॉर्च मारला नि म्हणाले, "भाऊ, तुमनी वॉटर बॉडी गई." मलाही दाखवलं. पुलीच्या मागे पंपाच्या अंगाला एक बारीक भोक आहे, तिथून थेंब थेंब पाणी येत होतं. त्याखाली खडूसारखी पांढरी रेघ वाळलेली, बेल्टची कड ओली. दोन महिन्यांपासून घरघर येत होती, ॲक्सिलरेटर दिला की वाढायची. मी ती अल्टरनेटरची समजत होतो.

खरं सांगतो, चार वर्षं मी कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकत आलोय. आमच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला महिन्याभरात पांढरा थर धरतो, तेच पाणी इंजिनात जात होतं.

आता गावातले गॅरेजवाले म्हणतात, पंप बदला आणि थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नाही. मे महिन्यातलं ऊन बघता पटतंही, पण मन धजत नाही. लोकल पंप निम्म्या किमतीत मिळतोय, तो घ्यावा का? आणि पुढच्या बुधवारी पुन्हा जायचंय, तोवर पाणी टाकत गाडी चालवली तर चालेल का?

प्रतिसाद, भुसावळहून:
दादा, घाटात वेळेवर गाडी बंद केलीत, त्यामुळे बहुतेक हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाचलं असेल. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की पंपाच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालवू नका, बाजारापर्यंतसुद्धा नाही. बेरिंग जाम झालं तर बेल्ट तुटेल, मग चार्जिंगही गेलं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, म्हणून. नुसता वाळलेला डाग असेल तर लक्ष ठेवायचं, पण थेंब पडतोय म्हणजे सील संपलं. इंजिन गार असताना बेल्ट उतरवून पुली हातानं हलवून बघायला सांगा. जरा जरी खेळली तरी बेरिंग गेलंय. तुमच्या घरघरीवरून मला तेच वाटतं.

थर्मोस्टॅट अजिबात काढू नका. तो साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. काढला तर थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतो, म्हणजे ज्या उन्हासाठी काढला त्याच उन्हात त्रास. क्षारामुळे जुना अडकला असेल तर नवा टाका.

लोकल पंप घेऊ नका. पंपाची किंमत निम्मी झाली तरी खोलायची मजुरी तेवढीच लागते, आणि काम पुन्हा निघालं तर ती दुसऱ्यांदा द्यावी लागते. बेल्ट कूलंटनं भिजलाय, तोही बदला. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून जागा साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू देऊ नका. आधी फ्लशिंग करा, म्हणजे पाण्याची सगळी वाट धुवून काढा, नाहीतर सुटलेला क्षार नव्या सीलवर घासत राहील. मग कूलंट. घट्ट (पाणी न मिसळलेलं) मिळालं तर निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेलं असेल तर त्यात काही टाकायचं नाही. शेवटी हीटर फुल ठेवून हवा काढायला सांगा.

प्रतिसाद, धुळ्याहून:
पंप उघडायच्या आधी हेड पॅकिंग (हेडखालचं गॅस्केट) तपासा. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाळ झालंय का. गार इंजिन सुरू करून कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात का तेही बघा. आणि ज्यांच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर आहे त्यांनी बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच ओट्यावर उभं राहून बघितलं. ऑइल स्वच्छ आहे, टाकीत बुडबुडे नाहीत. पुली मात्र बेल्ट असतानाच किंचित हलतेय. गाडी इथंच उभी ठेवतो, मिस्त्रींना घरी बोलावलंय. बुधवारी वडिलांना मेहुण्यांच्या गाडीनं नेईन.

फक्त एक राहिलं. चार वर्षांचा क्षार रेडिएटरमध्येही बसलेला असणार. तो जागेवर फ्लश करून निघतो, की काढून रेडिएटरवाल्याकडे द्यावा लागेल?