जुन्या डिझेल जनरेटर संचासाठी आयात परवाना का लागतो?

प्रश्न : आमचा लघुउद्योग आहे. जर्मनीतील एक बंद होणारा कारखाना आम्हाला वापरलेले लेथ यंत्र आणि डिझेल जनरेटर संच एकाच कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात पाठवण्यास तयार आहे. आमच्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, आहे. तरीही जनरेटरसाठी स्वतंत्र परवाना लागेल, लेथसाठी नाही, असे कस्टम्स ब्रोकरचे म्हणणे आहे. हा भेद कशामुळे? माल निघाल्यावर अर्ज केला तर चालेल का?

उत्तर १ : ब्रोकरचे म्हणणे बरोबर आहे. आयईसी ही आयातदाराची नोंदणी असून तिच्यामुळे प्रत्येक वस्तू आणण्याची मुभा मिळत नाही. परकीय व्यापार धोरणानुसार लेथसारखी वापरलेली भांडवली यंत्रे, म्हणजे उत्पादनासाठी लागणारी यंत्रे, साधारणतः परवान्यापासून मुक्त आहेत, परंतु जुने डिझेल जनरेटर संच ‘प्रतिबंधित’ गटात येतात. प्रतिबंधित म्हणजे पूर्ण बंदी नव्हे; विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीएफटीने, अधिकारपत्र, म्हणजेच परवाना, दिल्यास ती वस्तू आणता येते. अर्ज ऑनलाइन करावा लागतो, त्यावर समिती विचार करते आणि नकारही मिळू शकतो, म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच अर्ज करावा.

उत्तर २ : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. आधी पोहोचलेला माल बाँडेड गोदामात (शुल्क भरण्याआधी माल ठेवण्याच्या, सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालील गोदामात) ठेवून नंतर मिळालेल्या अधिकारपत्रावर सोडवण्याची सोय धोरणात आहे खरी, पण ती प्रतिबंधित वस्तूंना लागू नाही, आणि नेमकी हीच अट अनेकांच्या नजरेतून सुटते. असा माल सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो. ‘दंड भरू आणि सोडवू’ या हिशेबावर तर मुळीच विसंबू नये. डाळींच्या आयातीवरील प्रमाणमर्यादा ओलांडून आणलेला माल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज ग्रो इम्पेक्स प्रकरणात थेट बंदी असलेला माल मानला आणि दंड घेऊन तो सोडण्यास नकार दिला.

उत्तर ३ : मुदतीबद्दल थोडेसे. जागतिक व्यापार संघटनेच्या आयात परवाना करारानुसार, अर्ज येतील तसे हाताळले जात असल्यास निर्णय ३० दिवसांत आणि सर्व अर्ज एकत्र विचारात घेतले जात असल्यास ६० दिवसांत व्हावा, असा दंडक आहे. मात्र प्रशासनाच्या हाताबाहेरच्या कारणांना त्यातून सूट आहे. त्यामुळे विक्रेत्याशी करार करताना पुरेशी सवड मागून घ्या. लेथ यंत्र मात्र अडकवून ठेवू नका. ते वेगळ्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवर) आधी मागवा, आणि अधिकारपत्र हाती आल्यावरच जनरेटर जहाजावर चढवण्यास सांगा.