वर्षभर टिकलेली एक सवय सांगा: सातारा-सांगलीकडे एकट्याने व्हिडिओ, लेख, पॉडकास्ट करणाऱ्यांचे अनुभव

आपल्या दोन जिल्ह्यांत स्वतःच्या जिवावर व्हिडिओ, पॉडकास्ट, लेख करणारी माणसं आता गावोगाव आहेत. विषय शोधणं, शूटिंग, आवाज, एडिटिंग, थंबनेल, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं, पैशांचा हिशेब, सगळं एकाच माणसाकडे. वर शेती, नोकरी नाहीतर घर आहेच. कामाच्या सवयींबद्दल जे सल्ले कानावर पडतात ते बहुतेक दाराला कडी लावून बसता येणाऱ्या माणसासाठी असतात: पहाटे पाचला उठा, रोज एक टाका. हे सल्ले खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. ऊसतोड, छाटणी, गावची जत्रा, पूर, लग्नसराई यांना त्या वेळापत्रकात जागाच नसते.

म्हणून एकच विचारतो. पावसाळा, दिवाळी आणि उन्हाळा, तिन्ही ओलांडून तुमच्याकडे टिकली अशी एक सवय सांगा. कशामुळे टिकली तेही सांगा, कारण खरा उपयोग त्याचाच आहे.

सुरुवात माझ्यापासून. सातारा, किल्ले आणि डोंगरवाटा. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्या आठवड्यांत सगळे तिथेच असतात आणि त्याच रात्री व्हिडिओ टाकायची घाई करतात. मी त्या हंगामात फक्त चित्रीकरण करतो, तेही आडवारी. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, जे दिसेल ते तारखेसह साठवतो आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला, लोक जायचं ठरवत असतात तेव्हा, प्रसिद्ध करतो. त्यामुळे सप्टेंबरात जागरण नाही आणि बघणाऱ्यालाही वेळेवर माहिती मिळते. जुलैत किल्ले ढगात असतात, तेव्हा बाहेर पडतच नाही. तो महिना वाचनाचा आणि लेखनाचा. खाली बाकीच्यांची उत्तरं, प्रत्येकाच्या आधी गाव आणि विषय.

वाई. घरगुती पदार्थ, वाळवणं, चटण्या.

दादा, माझं उत्तर सोपं आहे: व्हिडिओसाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. घरात जे जेवायला होणार आहे तेच चित्रित करायचं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ओट्यावर ऊन येतं तेवढा वेळ कॅमेरा चालू, ऊन सरकलं की बंद. आवाज त्या वेळी घेतच नाही. दुपारी घर शांत असतं तेव्हा मोबाईलवर वेगळा भरते. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, मुलांची हाक, कशाचीच अडचण होत नाही आणि कुणाला "गप्प बसा" म्हणावं लागत नाही. घरातली ही शांतता मला फार मोलाची वाटते. घरच्यांना त्रास व्हायला लागला की आपलं काम त्यांच्या डोळ्यांत खुपतं, आणि मग ते चालत नाही.

दुसरं म्हणजे महिन्याची यादी मी सासूबाईंबरोबर बसून करते. सण कधी, उपास कुणाचे, पाहुणे कोण येणार, कोणती भाजी कधी स्वस्त होणार, हे त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक. त्यांच्या सांगण्यावरून विषय आधीच ठरतात. आज काय करू, हा प्रश्न सकाळी पडत नाही आणि निम्मा थकवा तिथेच वाचतो. कुरडया, सांडगे, पापड हे उन्हाळ्यात एकदाच होतं. तेव्हा सगळ्या बाजूंनी भरपूर चित्रण करून ठेवते, ते वर्षभर थोडं थोडं वापरते.

तासगाव. द्राक्षबाग.

दादांनी कासचं सांगितलं, तेच मी बागेत करतोय. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळछाटणी माल घ्यायला. आणि आमचं कॅलेंडर तारखेवर चालत नाही, छाटणीनंतरच्या दिवसांवर चालतं. दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न, "बाग कितव्या दिवसात आहे?" मी क्लिपांना नावंही तशीच देतो. "फळछाटणी, दिवस १८, फेलफूट." "दिवस ४८, डिपिंग." फेलफूट म्हणजे घड नसलेल्या फुटी काढणं, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं. बागेत रोज फेरी मारायचीच असते. त्या फेरीत पंधरा-वीस सेकंदांची क्लिप घ्यायची आणि चालता चालता दोन वाक्यं बोलायची: काय दिसतंय, काय केलं. बास. फेरी चुकत नाही, म्हणून हेही चुकत नाही.

याची खरी किंमत दुसऱ्या वर्षी कळते. लोकांच्या बागा चाळिसाव्या दिवसाकडं निघाल्या की मी गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या क्लिपा जोडून आठवडाभर आधी टाकतो. ढगाळ हवा आली, दव पडलं की डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीनं माणूस ट्रॅक्टर आणि ब्लोअर सोडून दुसरीकडं बघत नाही. त्या दिवसांत मी नवीन काही करूच शकत नाही, आणि शेतकऱ्याला माहिती नेमकी तेव्हाच लागते. जुनं साठवलेलं असलं तर दोन्ही जमतं. एक पथ्य मात्र कडक पाळतो. औषधाचं नाव आणि प्रमाण जुन्या क्लिपवरनं कधीच सांगायचं नाही. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती चालतो याचे नियम बदलत असतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या वर्षाची शिफारस बघूनच बोलायचं, नाहीतर त्या जागी गप्प राहायचं. आपल्या एका वाक्यावर कुणाचा कंटेनर अडकू शकतो.

कऱ्हाड. विज्ञानविषयक लेख.

वर तिघांनी हंगामाची बाजू मांडली, माझा अनुभव वेगळा आहे. मी नोकरी करतो, मला हंगाम नाही. मला रोजचा छोटा ठरलेला वेळच उपयोगी पडला. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली पोमोडोरो पद्धत, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, तीच पाळतो. ऑफिसला निघण्याआधी दोन फेऱ्या, फोन दुसऱ्या खोलीत. उठताना उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून ठेवतो. एडिटिंगला ही पद्धत मला अपुरी वाटते, तिथे २५ मिनिटांत हात नुकता बसलेला असतो. लिहिण्याला मात्र पुरते. विषय सुचतात ते संध्याकाळी प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, चालताना, ते तिथेच बोलून रेकॉर्ड करतो.

सांगली, गावभाग. स्पर्धा परीक्षेचा इतिहास-भूगोल.

माझी सवय पाण्यानं लावली. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर सांगलीत कुणाला सांगावा लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी दोनच प्रश्न असतात: कोयना धरणातनं किती सोडलंय आणि आयर्विनला किती झालंय. माझं कामही याच आकड्यांवर बांधलेलं आहे. पाणी तीस फुटांच्या पुढं सरकायला लागलं की शूटिंग बंद. लाईट, माईक, ट्रायपॉड, सगळं विश्रामबागला बहिणीकडं जातं. इशारा पातळीची वाट बघत नाही, कारण तेव्हा आई-बाबांना आणि शेजारच्या आजींना हलवायचं असतं, सामानाला हात मोकळे नसतात. फायलींच्या तीन प्रती: एक घरात, एक विश्रामबागला, एक ऑनलाइन.

पण मुख्य सवय त्याच्या आधीची. जूनअखेर पावसाळ्याचे सगळे तास रेकॉर्ड करून, यूट्यूबवर चढवून, तारीख-वेळ लावून ठेवतो. मग पूर येवो न येवो, तास ठरल्या वेळी दिसतो. पलूस-वाळव्याकडची मुलं पुराच्या दिवसांत नातेवाइकांकडं किंवा शाळांमधल्या निवाऱ्यात असतात. "सर, नेहमीच्या वेळेला तास आला, बरं वाटलं," असं त्यांच्यातल्या काहींनी लिहिलं तेव्हा मला ही शिस्त कुणासाठी आहे ते कळलं. ज्या वर्षी पाणी चढत नाही त्या वर्षी ऑगस्ट मोकळा मिळतो. तो नव्या अभ्यासक्रमाच्या वाचनाला.

मिरज. सतार-तानपुरे घडवणारं घर.

आठवड्याला एक हा हिशेब आमच्या कामाला लागूच होत नाही. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातनं येतात, ते नीट वाळायलाच किती वेळ जातो. म्हणून मी आठवडा मोजत नाही, वाद्य मोजतो. एक तानपुरा हातात घेतला की त्याची एक मालिका. भोपळा निवडणं, दांडी, नक्षी, पॉलिश, तारा. प्रत्येक टप्प्याला एकदाच चित्रण. वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की मालिका संपली.

जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारांचा गुंजता आवाज जुळवताना, कॅमेरा लावत नाही. ते काम पूर्ण कानाचं आहे. कुणीतरी बघतंय ही जाणीव असली तर माझा हात घाई करतो. लोक तेच दाखवा म्हणतात, मी नम्रपणे नाही म्हणतो. माझ्या मते प्रत्येकानं आपल्या कामातली अशी एक जागा कॅमेऱ्याबाहेर ठेवावी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून विचारणा खूप वाढली. उत्तरं मी संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एकदाच देतो. परत परत येणारा प्रश्न वहीत लिहितो, पुढचा भाग त्यावरच.

म्हसवड. जात्यावरच्या ओव्या.

मी गावातल्या आज्यांकडनं ओव्या रेकॉर्ड करते. त्या त्यांच्या सवडीनं गातात, माझ्या नाही. म्हणून ठरवलं, गाठ पडली की रेकॉर्ड करायचं, पण टाकायचं महिन्यातनं दोनदाच. रविवारी फोन आईच्या कपाटात असतो.

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते, कारण सवयी मोडतात त्या पैशाच्या काळजीनं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. त्यानंतरही खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत पैसे निघत नाहीत, आणि निघतात ते महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान. छोट्या चॅनेलला कित्येक महिने कोरडे जातात. म्हणून घरखर्च यावर धरू नका. माझा शिवणकामाचा पैसा घराला, हा पैसा नव्या माईकला आणि आज्यांच्या लुगड्याला. असं वेगळं ठेवल्यापासून व्ह्यूज कमी झाले म्हणून झोप उडत नाही.

विटा. नुकतीच सुरुवात.

सगळ्यांचं वाचलं. माझी अडचण अशी की आमचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, दुकान परराज्यात आहे. वर्षाचे काही महिने तिकडे, काही इकडे. मला भरतकाम शिकवायचंय. जागा, उजेड, शेजार, सगळं बदलतं. सवय कशाला बांधू?

तासगाव: ताई, जागेला बांधू नका, कामाच्या टप्प्याला बांधा. नमुना काढला की एक क्लिप, टाका भरला की एक, धागा बदलला की एक. माझ्या "दिवस ४८" सारखं तुमचं "मोर, टप्पा ३" असं नाव द्या. कापड कुठंही न्या, क्रम तोच राहतो.

वाई: हातांचं चित्रण वरून करायला टेबलाला लावायचा मोबाईल स्टँड मिळतो, तो आणि एक पांढरी चादर बॅगेत ठेव. पार्श्वभूमी दोन्हीकडे एकच दिसेल. आवाज मात्र गावी आल्यावर भर, दुकानामागच्या घरात यंत्रांचा आवाज असणार.

विटा: आवाजाचं बरोबर ओळखलंत वहिनी, भट्टी शेजारच्याच खोलीत आहे. चादर आणि टप्प्यांची नावं आजपासून सुरू करते. तिकडे गेल्यावर पहिली मालिका कशी जमली ते इथेच लिहीन.