सल्ला हवा : तुलूझहून निघून ग्रामीण फ्रान्समध्ये आठवडाभर सायकलिंग

गोदाकाठ :

नमस्कार. आमची मुलगी शिक्षणासाठी तुलूझला राहते. येत्या जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत आणि त्यातला एक आठवडा यजमानांनी व मी सायकलवरून ग्रामीण फ्रान्स पाहण्यासाठी राखून ठेवला आहे. नाशिकला आम्ही दोघेही नियमित सायकल चालवतो. दिवसाला ६०-७० किलोमीटर आणि हजार मीटरपर्यंतची चढण आम्हाला झेपते. शर्यतींमुळे गाजलेले घाट चढलेच पाहिजेत असा आग्रह नाही. नदीकाठ, डोंगर, शेती आणि जुनी गावे असे सगळे थोडे थोडे पाहायला मिळावे, एवढीच इच्छा आहे. लुआर नदीच्या काठाने जाणाऱ्या मार्गाबद्दल बरेच वाचले, परंतु तो आम्हाला जरा एकसुरी वाटतो. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावेत.

सातमाळा :

ताई, लुआरचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आणि बहुतांश सपाट आहे. शांबोर, आंब्वाझसारखे राजवाडे पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर तो उत्तम. पण तुम्ही म्हणता ती विविधता तिथे कमी मिळेल. माझे मत आग्नेय फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांताच्या बाजूने पडते. मों व्हाँतू या पर्वताच्या पायथ्याशी बेद्वँ गावात मुक्काम ठेवा. व्हाँतूचा माथा १,९०९ मीटरवर आहे आणि बेद्वँहून वर जाणारा रस्ता सुमारे २१ किलोमीटरमध्ये जवळजवळ १,६०० मीटर चढतो. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचल्यावर तिथूनच आणखी जवळजवळ दोन पसरणी समोर उभ्या राहाव्यात, असा तो प्रकार आहे. सो गावाकडून येणारी वाट २६ किलोमीटरची असली तरी बरीच सौम्य आहे. माथा नकोच असेल तर नेस्क नदीच्या दरीच्या कडेने व्हील-सुर-ओझोंपासून सोपर्यंत जाणारा डी ९४२ हा रस्ता अवश्य घ्या. चढ हलका, वाहने कमी आणि शेजारी खोल दरी, असे सुख फार थोड्या रस्त्यांवर मिळते.

तुलूझकर :

सातमाळा यांनी सांगितलेला नेस्कचा रस्ता सुंदरच आहे, याविषयी दुमत नाही. तरीही जूनमध्ये तुलूझहून निघणाऱ्यांना मी तो सुचवणार नाही. एक तर प्रवास लांबचा आहे. शिवाय सोच्या पठारावरचे लव्हेंडर जुलैत फुलते, त्यामुळे ज्यासाठी एवढ्या लांब जायचे तेच जूनमध्ये हुकण्याची शक्यता असते, आणि मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला तर व्हाँतूचा उघडा माथा धोकादायक होतो. तुमच्या दाराशीच लॉट आणि कांताल हे दोन जिल्हे आहेत. त्यांतली भूमी इतक्या थोड्या अंतरात इतकी पालटते की आठवडाभरासाठी दुसरीकडे जाण्याची गरज मला तरी दिसत नाही.

तुलूझहून प्रादेशिक रेल्वेने, म्हणजे टीईआरने, फिजाकला या. या गाडीत सायकल सुटी न करता नेता येते. मात्र उन्हाळ्यात काही मार्गांवर सायकलची जागा आधी राखावी लागते, तेवढे पाहून ठेवा. फिजाकहून सेले नदीच्या सोबतीने डी ४१ हा रस्ता काब्रेरेपर्यंत उतरत जातो. काही ठिकाणी चुनखडीचे कडे रस्त्यावर अक्षरशः ओणवे झालेले आहेत आणि घरांची मागची भिंत म्हणजे कडाच आहे. मार्सियाकला थांबून पडझड झालेला मठ पाहा आणि पायांत जोर असेल तर तिथून वळणावळणाच्या रस्त्याने वरच्या पठारावर एकदा चढून या. खाली हिरवीगार दरी आणि वर खुरटे ओक, दगडी गडगे व मेंढ्या, असा फरक अर्ध्या तासात समोर येतो. पाऊस चुनखडीत मुरून जात असल्यामुळे पठारावर ओढे-झरे जवळजवळ नाहीत, म्हणून दोन्ही बाटल्या खालीच भरून घ्याव्यात. गावातला नळ बंद असेल तर दफनभूमीत बहुधा नळ असतो. फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये.

काब्रेरेजवळच पेश मेर्लची गुहा आहे. तिच्या भिंतीवरचे ठिपक्यांचे घोडे सुमारे २९,००० वर्षांपूर्वी रंगवलेले आहेत आणि ते मूळ चित्र आजही प्रत्यक्ष पाहता येते. दररोज मर्यादित लोकांनाच आत सोडतात, त्यामुळे आगाऊ नोंदणी करा. मुक्काम काब्रेरेला किंवा लॉट नदीवरच्या कड्यावर वसलेल्या सँ-सिर-लापोपीला करावा आणि दुसऱ्या दिवशी काजार्कमार्गे लॉटच्या काठाने फिजाकला परत यावे. ही फेरी सुमारे १०० किलोमीटरची होते, म्हणजे दोन दिवसांत तुम्हाला सहज जमेल.

फिजाक ते ओरियाक हे अंतर सायकलने कापू नका. मुख्य रस्ता एन १२२ असून त्यावर मालट्रकची वर्दळ असते. तेवढा टप्पा पुन्हा रेल्वेने करावा. ओरियाकपासून सगळे चित्रच बदलते, कारण कांताल हा एक प्रचंड, विझलेला ज्वालामुखी आहे. चुनखडी संपून आपल्या सह्याद्रीसारखा काळा बेसाल्ट सुरू होतो, मात्र हिमनद्यांनी कोरलेल्या इथल्या दऱ्या रुंद आणि गोलसर आहेत. डी १७ ने जोर्दान नदीच्या खोऱ्यातून मांदायमार्गे पा द पेरॉल या खिंडीत चढा. खिंडीची उंची सुमारे १,५९० मीटर आहे. ओरियाकपासूनचे निम्म्याहून अधिक अंतर हलक्या चढाचे असून खरी कसोटी मांदायनंतर लागते. घाई करू नका, कारण डोक्यावर प्वी मारीचे टोकदार शिखर दिसत असते आणि बाजूच्या कुरणांत लांब, वळणदार शिंगांच्या तांबड्या सालेर गाई चरत असतात. पलीकडे उतरून काळ्या दगडांत बांधलेल्या सालेर गावी राहा आणि परतीला कोल द लेगाल या खिंडीवरून डी ३५ धरा, म्हणजे धारेवरून चालणारा रस्ता मिळेल. पा द पेरॉलची खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. जूनमध्ये ती बहुधा खुली असते, तरी निघण्यापूर्वी खात्री करावी.

गोदाकाठ :

तुलूझकर, इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमचे बहुतेक ठरलेच. दोन शंका आहेत. आम्ही शाकाहारी आहोत, तर खेड्यांत जेवणाची सोय कशी होईल? आणि सायकली भाड्याने घ्यायच्या असल्याने कोणती काळजी घ्यावी?

तुलूझकर :

जेवणाचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटतो. दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ येथे काटेकोर पाळतात. अडीचला पोहोचलात तर गावात काहीच उघडे सापडणार नाही. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही दुकाने बंद असतात. म्हणून सकाळी बेकरी उघडली की पाव घ्यावा, त्यासोबत लॉटमध्ये मिळणारे रोकामादूरचे शेळीचे चीज आणि अक्रोडाचा केक बांधून घ्यावा. कांतालमध्ये बटाटा आणि ताज्या चीजची त्रुफाद मिळते, परंतु ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि तिच्याबरोबर बहुधा हॅमही वाढतात, म्हणून आधी विचारून घ्या. राहण्यासाठी ‘शांब्र दोत’, म्हणजे यजमानांच्या घरातली पाहुण्यांची खोली, निवडून शाकाहाराविषयी आरक्षण करतानाच कळवले, तर रात्रीचे जेवण बरेचदा प्रेमाने वेगळे करून देतात.

सायकल घेताना मागच्या चक्राला किमान ३२ किंवा ३४ दात्यांचा गिअर मागा. येथे पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या अगदी उलट. त्यामुळे घाट उतरण्यापूर्वी सपाटीवर हाताला सवय करून घ्या. गावातून जाताना विशेष सावध राहा, कारण वेगळी पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाण्याचा हक्क असतो. उन्हाळ्यात रस्त्यांची डागडुजी करताना डांबरावर बारीक खडी पसरून ठेवतात. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की उतारावर वेग आधीच कमी करा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि या भागात ते मनापासून पाळले जाते. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर सायकल चालवायची असेल तर चमकणारे जाकीट सक्तीचे आहे; जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असला, तरी पेरॉलवर ढग केव्हाही उतरतात, तेव्हा ते सामानात ठेवाच.